पाणकरानं भात सोडला

माझं अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन हातात आलं ते बँकेत सही करायपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून कळत नाही आणि जोडाक्षर आलं की हात थांबतो. कोणी हे वाचलंच तर चुकांची माफी असावी. बोलण्यातही मी अशीच. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. जे तेव्हा बोलायला पाहिजे होतं ते राहून गेलं, म्हणून आता लिहिते आहे.

आमचं गाव तलावाखालचं. जुन्या लोकांनी मातीची पाळ घालून पाणी अडवलं, त्यावरच गावाचा धान पिकतो. माझे मालक गावाचे पाणकर होते. पाऊस थांबला की तलावाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोचवायचं, हे पाणकराचं काम. पाणी सोडायचं जे दार असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्याची चावी आमच्या घरी खुंटीला असायची. मळणी झाली की ज्याची जेवढी जमीन तेवढा धान पाणकराला मिळायचा. त्यावर आमचं वर्ष निघायचं.

पाणकर होणं सोपं नव्हतं. तरुणपणी ते मोहाची दारू प्यायचे, आणि थोडी नाही. पोरगा शाळेत जायला लागला त्या वर्षी पाळीवरच्या देवापुढे त्यांनी शपथ घेतली आणि सोडली. सोडली ती सोडलीच. तरी गावाचा विश्वास बसायला किती तरी वर्षं गेली. पाणकरानं प्यायची नाही, कामावर पिऊन सापडला तर दंड भरायचा आणि चावी परत करायची, असा गावाचा नियम आहे. कारण पिणारा माणूस दोस्ताच्या बांधीत जास्त पाणी सोडेल. माझे भासरे, म्हणजे मालकांचे मोठे चुलतभाऊ, तलाव समितीचे प्रमुख. त्यांनीच एके दिवशी चावी मालकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पाह्य गा, नाक कापू नको."

त्या दिवशी मालक पाळीवरून घरी आले ते चावी लहान लेकरासारखी छातीशी धरून.

पुढे त्यांना साखर निघाली. सरकारी दवाखान्यातून दोन गोळ्या मिळायच्या. एक मोठी, जेवल्यावर घ्यायची. एक लहान पांढरी, ती जेवणाआधी. पण आमच्याकडे तिन्ही वेळा भात. सकाळी रात्रीचा भात, दुपारी बांधीवर पेज, रात्री पुन्हा भात आणि लाखोळीची डाळ. पोट सुटलं होतं, गुडघे दुखायचे. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे आणि माठातलं पाणी संपवायचे.

माझा दीर गोंदियाला कापडाच्या दुकानात आहे. तो उन्हाळ्यात आला तर आम्ही ओळखलाच नाही. अर्धा झाला होता.

"भैया, चावल बंद करो," तो म्हणाला. गोंदियात राहून त्याची बोली अर्धी हिंदी झाली आहे. "चावल, रोटी, आलू, शक्कर, सब बंद. अंडा खा, मच्छी खा, भाजी खा, शेंगदाणे खा. मेरेको देखो."

मालक हसले. "अबे, पाणकराले भात सोडाले सांगून राहिला? मंग गाव मले वर्षाचं काय देईन, अंडे?"

"हसू नको. तुझी शुगर पाह्य, माझी पाह्य."

"तुले गोळ्या आहेत काय?"

"नाई. मी तर गोळीपर्यंत गेलोच नाई."

ही गोष्ट तिथंच कळायला पाहिजे होती, की दिराला गोळ्या नव्हत्या आणि यांना होत्या. पण ते ऐकलं आणि पुढे बोलणं दुसरीकडे गेलं.

मालकांचा स्वभाव असा की धरलं की धरलं. दारू सोडली तशीच एका दिवसात भाताची ताटली बाजूला सारली. मी अंडी उकडायची. तलावातले झिंगे, मासे, वांगी, पोपटीच्या शेंगा, भाजी, ताक. भात शिजला की ते अंगणात जाऊन बसायचे. वास सहन होत नाही म्हणायचे. पहिले आठ-दहा दिवस डोकं दुखलं, पायात गोळे आले, पोट साफ होईना. "दारू सोडाले याच्याहून सोपी होती वो," ते म्हणायचे.

पण मग गुण आला. तो मी नाकारणार नाही. पोट उतरलं. रात्रीचं उठणं बंद झालं. गुडघे मोकळे झाले, पाळीवर चढताना धाप लागेना. गावातल्या उपकेंद्रात सिस्टरनं बोट टोचून साखर पाहिली तर बरीच खाली आली होती. सिस्टर म्हणाली, "काका, चांगली गोष्ट आहे. पण मोठ्या डॉक्टरले दाखवून या. गोळ्या कमी कराव्या लागतीन."

"जातो," ते म्हणाले. घरी येऊन मला म्हणाले, "भातही बंद आणि गोळीही चालू, म्हणजे दोन्हीकडून दाबून राहिलो साखरेले. कायले कमी करू?"

मला ते बरोबरच वाटलं. औषध जास्त म्हणजे गुण जास्त, एवढंच मला कळत होतं.

त्याच दिवसांत त्यांच्या तोंडाला वास यायला लागला. माझं माहेर दरेकशाकडचं, जंगलातलं. चैत्रात पहाटे आम्ही मोहफुलं वेचायचो आणि अंगणात वाळवायचो. तो गोडसर, नाकात चढणारा वास मला झोपेतही ओळखू येतो. हा तसाच होता, पण पुरता तसा नव्हता. जास्त पिकून फुटलेल्या सीताफळासारखं काहीतरी त्यात होतं. रात्री त्यांनी कूस बदलली की तो यायचा. मी त्यांच्या कपड्यांचा वास घेतला, पाण्याची बाटली उघडून पाहिली. काही नव्हतं. दिवसभर ते माझ्या नजरेसमोर असायचे. मी विचारलं नाही. दारू सोडलेल्या माणसाला असं विचारलं तर त्याच्या मनाला काय होतं ते मला माहीत होतं.

कधी कधी दुपारी त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे. मग उगीच चिडायचे. थोडं ताक पिऊन पडले की बरं वाटायचं. उन्हानं होतं, असं आम्ही धरून चाललो.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान गर्भात होता, त्याला पाणी पाहिजेच होतं. हलका धान कापून झाला होता आणि त्याच्या कापून पसरलेल्या कडपा बांधीत वाळत पडल्या होत्या. म्हणजे वरच्या बांध्यांना पाणी द्यायचं आणि खालच्या कोरड्या ठेवायच्या. असं नाजूक काम असलं की मालक दिवसभर पाळीवरून हलायचे नाहीत. त्या सकाळी त्यांनी गोळ्या घेतल्या, दोन अंडी खाल्ली आणि चावी घेऊन गेले. मी म्हटलं, "अजी, पेज नेत नाई काय थोडीशी? दिवसभराचं काम आहे."

"पुन्हा पेज? एवढी मेहनत पाण्यात घालू काय?"

दुपारी शेजारीण धावत आली. "चल वो लवकर, तुझा मालक पाळीवर पिऊन पडला."

तुडूम पूर्ण उघडं राहिलं होतं. पाणी पाट सोडून खालच्या बांध्यांत भरलं होतं. भासऱ्यांच्या कडपा पाण्यात तरंगत होत्या. मालकांना लोकांनी उचलून देवळाच्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. अंग घामानं भिजलेलं आणि हात लावला तर गार. डोळे उघडे होते पण मी त्यांना दिसत नव्हते. मला शिवी देऊन म्हणाले, "कोण हे?" जीभ जड झाली होती. उठायला गेले आणि तोल जाऊन पुन्हा पडले.

"वास पाह्य ना," कोणीतरी म्हणालं. "अस्सल पहिल्या धारेची आहे."

"बायको कायले बोलावली? उतरन तेव्हा उतरन."

"इतके वर्षं सोडली म्हणे. लपून चालू असन."

भासरे तिथंच उभे होते, कमरेपर्यंत चिखल. आमच्यात सून भासऱ्यासमोर येत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी पदर पुढे ओढला आणि शेजारणीला सांगितलं, "त्यायनं घेतली नाई. सांग ना त्यायले." ती म्हणाली, "असू दे वो. माणसं अशीच असतात." मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल.

नशा उतरवायला लोकांनी लिंबू पिळून मीठ घातलेलं पाणी त्यांच्या तोंडात ओतलं. मीठ घातलं. त्या पाण्यात कोणी दोन चमचे साखर टाकली असती तर ते तिथंच उठून बसले असते. हे मला डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. देवळासमोर किराण्याचं दुकान आहे. तिथं साखरेचं पोतं उघडं असतं.

दिवस कलला तेव्हा त्यांना झटके आले. तोंडाला फेस आला. मग लोक घाबरले आणि गाडी काढली.

गोंदियाच्या दवाखान्यात सलाईन लावलं. त्यांनी डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी. डॉक्टर तरुण होता. माझ्यावर चिडला, मग मी रडायला लागले तर हळू बोलला. म्हणाला, "आजी, भात कमी केला ते वाईट नाही केलं. साखरेच्या माणसाला त्याचा फायदा होतो. पण ही लहान गोळी पोटात भात येणार म्हणून साखर उतरवते. भात आलाच नाही तर ती अंगातली असलेली साखर उतरवत जाते, पार खाली. मग मेंदू उपाशी राहतो. माणूस पिल्यासारखा करतो, बडबडतो, पडतो. भात सोडला त्याच दिवशी ही गोळी कमी करायला पाहिजे होती."

मी विचारलं, "आणि तोंडाचा वास?" पण हे मी इतकं हळू विचारलं की त्याला ऐकूच गेलं नाही, तो दुसऱ्या खाटेकडे गेला.

मालक वाचले, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. उजव्या हाताची बोटं थरथरत राहिली. बोलताना मध्येच शब्द अडायचा आणि मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. आणि तो दिवस त्यांच्या डोक्यातून पुसला गेला होता. सकाळी चावी घेतल्याचंही आठवत नव्हतं.

गावाची बैठक समाजमंदिरात झाली. मालक खाली सतरंजीवर बसले. आम्ही बायका मागे, भिंतीजवळ. दवाखान्याचा कागद मालकांनी पुढे ठेवला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. एकानं उलटून पाहिला. "सलाईन तर पिलेल्यालेही लावतात," तो म्हणाला.

भासरे म्हणाले, "कागद राहू दे. तू देवापुढे शपथ घेतली होती. आता माझ्यापुढे सांग. त्या दिवशी घेतली होती का नाई? तू म्हणशीन तेच मी मानतो."

एक 'नाई' म्हणायचं होतं. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं.

मालक कधी खोटं बोलत नसत, तेच आडवं आलं. म्हणाले, "मले... आठवत नाई, दादा."

मागून कोणीतरी हसलं. "हाव, तेवढी घेतल्यावर कोणाले आठवते?"

मग सगळेच हसले. भासरे हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि मालकांनी चावी त्यांच्या हातावर धरली. थरथरत्या बोटांतून ती सुटेना म्हणून भासऱ्यांनीच काढून घेतली. भिजलेल्या कडपांची भरपाई आणि नियमाचा दंड असं मिळून पैसे ठरले. आम्ही शेळ्या विकून ते भरले. त्या वर्षीचा पाणकराचा धानही आला नाही. मी भिंतीजवळ बसून होते. तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

त्यानंतर घरात त्यांचा एकच प्रश्न असायचा. जेवताना, अंगणात बसल्यावर, कधी अंघोळ करता करता.

"मी घेतली होती काय वो?"

"नाई घेतली, अजी."

"मंग वास कायचा होता? सारे म्हणतात वास होता. तुलेही आला होता ना?"

"आला होता. पण तो मोहाचा नव्हता."

"मंग कायचा होता?"

मी उठून कामाला लागले की ते मान हलवायचे. लोकांनी म्हटलं त्याचं त्यांना एवढं लागलं नसतं. त्यांचा स्वतःवरचाच विश्वास गेला, तो मला परत आणून देता आला नाही.

डॉक्टरनं थोडा भात आणि कमी गोळी असं सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलं नाही. जसा एकदम सोडला होता, तसाच एकदम धरला. ताट भरून भात वाढायला लावायचे. मी कमी वाढला तर स्वतः उठून घ्यायचे. गोळ्या त्यांनी उकिरड्यात फेकल्या. "यायनंच माझा घात केला," म्हणायचे. सिस्टर दोनदा घरी येऊन गेली. तिच्यासमोर हो म्हणायचे. रात्रीचं उठणं पुन्हा सुरू झालं, माठ पुन्हा रिकामा व्हायला लागला. चावी नव्हती तरी ते पाळीवर जाऊन बसायचे. तिथंच बाभळीचा काटा लागला. जखम भरेना. पाय काळा पडत वर चढला. पुढचा पाऊस यायच्या आधी ते गेले. शेवटच्या दिवसांत बोलणं फार कमी झालं होतं. तरी एकदा माझा हात धरून विचारलंच. मी म्हटलं, "नाई हो, नाई घेतली." त्यांनी डोळे मिटले. पटलं का नाही ते मला कळलं नाही.

यंदा मळणी झाल्यावर भासरे आमच्या अंगणात आले. मी दाराआड झाले. माझी सून तांदूळ निवडत बसली होती, तिनं उठून खाट टाकली. भासरे खूप वाळले होते. मला वाटलं आजारी आहेत.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझ्या सासूले सांग, मलेही साखर निघाली. डॉक्टरनं भात-पोळी कमी कराले लावली. गोळ्याही त्यानंच कमी केल्या, दर आठ दिवसाले तपासून. मले मानवलं."

सुनेनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मंग तोंडाले वास सुटला. माझी बाई म्हणे, या वयात आता सुरू केली काय? मी जन्मात थेंब घेतला नाई, तुमाले ठाऊक आहे. भांडण झालं घरात. डॉक्टरले विचारलं तर तो हसाले लागला. म्हणे, भात-पोळी सोडली का अंगातली चरबी जळते, तिचा वास तोंडातून येते. काही लोकाले येते. दारूसारखाच लागते म्हणे."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. दाराची चौकट मी दोन्ही हातांनी धरली होती.

"तो मले दादा म्हणे," भासरे म्हणाले. "मी त्याले म्हटलं होतं, तू सांगशीन ते मानतो. त्यानं खरं तेच सांगितलं, आठवत नाई म्हणून. अन् मी चावी काढून घेतली."

मी सुनेला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं. तिनं बाहेर जाऊन विचारलं, "आई विचारतात, हे गावालेही सांगणार काय?"

"सांगूनच आलो. काल बैठक लावली होती. सगळे होते."

त्यांनी खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि खाटेवर ठेवले. दंड, कडपांची भरपाई आणि त्या वर्षी न आलेल्या धानाची किंमत. उठताना ते दाराकडे तोंड करून थांबले. सुनेला मध्ये न घालता हात जोडले. मी पदर पुढे घेतला होता, तरी आतूनच म्हटलं, "ते घेत नव्हते, दादाजी." त्यांच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द. त्यांना ऐकू गेला, कारण ते म्हणाले, "हाव."

ते गेल्यावर सून पैसे घेऊन आत आली. मालकांच्या फोटोखाली बसून तिनं मोजले आणि म्हणाली, "पूर्ण आहेत, आई."